भाड्याचं तट्टू आणि हॅकनी कॅरिज

इंग्लंडमध्ये लंडन सोडून दुसऱ्या एखाद्या शहरात रेल्वे स्टेशनबाहेर टॅक्सीच्या रांगेत उभे राहिलात, तर समोरच्या गाडीच्या मागे नंबर प्लेटच्या जोडीला आणखी एक पाटी दिसते. तिच्यावर नगरपालिकेचं नाव असतं, परवान्याचा क्रमांक असतो, किती माणसं बसवायची तो आकडा असतो, आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: 'हॅकनी कॅरिज'. गाडी म्हणाल तर आजच्या काळातली, कदाचित बॅटरीवर चालणारी. मी ही पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. 'कॅरिज' हा शब्द तोवर मी जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत वाचला होता, आणि तिथे तिच्यापुढे घोडा जुंपलेला असायचाच. परत येऊन शब्दकोश उघडला तर अर्थ मिळाला: भाड्याची घोडागाडी.

हा अर्थ चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा समजला की इंग्रजी कादंबऱ्याच काय, आपल्याकडच्या रिक्षा, टॅक्सी आणि एसटीमागचा कायदाही जरा उलगडतो. म्हणून या एका शब्दावर एवढं लिहितो आहे.

सुरुवात घोड्यापासूनच करू, कारण 'हॅकनी' हे आधी गाडीचं नाव नव्हतंच. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत 'हॅकनी' म्हणजे रोजच्या प्रवासाचा साधा घोडा. लढाईचा घोडा वेगळा, शिकारीचा वेगळा. हा बिचारा मध्यम चणीचा, पाठीवरच्या माणसाला फार न हिंदकळवता संथ चालणारा. लंडनच्या ईशान्येला हॅकनी नावाचं एक गाव होतं, आज ते शहराच्या पोटात गेलं आहे. त्या भागातल्या कुरणांवर असे घोडे चरायचे, त्यावरून हे नाव पडलं असावं, असं बहुतेक भाषाभ्यासक मानतात. प्रवासाला सोयीचा म्हणून हाच घोडा भाड्याने देण्याची रीत पडली, आणि हळूहळू 'हॅकनी' या शब्दाला 'भाड्याचा' हाच अर्थ चिकटला.

भाड्याच्या घोड्याचं नशीब कुठेही सारखंच. आज एक स्वार, उद्या दुसरा. सगळ्यांनी दामटायचं आणि कुणी थोपटायचं नाही. त्यामुळे इंग्रजीत 'हॅकनीड' म्हणजे वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. घासून घासून निर्जीव झालेल्या शब्दप्रयोगाला हे विशेषण लावतात. 'हॅकनी'चं आखूड रूप 'हॅक', आणि पैसे मिळतील ते लिहून देणाऱ्या लेखकालाही इंग्रजीत 'हॅक' म्हणतात. मराठी माणसाला हा प्रवास वेगळा समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे 'भाड्याचं तट्टू' आहेच! मन नसताना, पैशासाठी दुसऱ्याचं ओझं वाहणाऱ्या माणसाला आपण हेच म्हणतो, आणि 'भाडोत्री लेखक', 'भाडोत्री गर्दी' हेही त्याच वाटेने आलेले शब्द. दोन भाषांनी एकमेकींकडे न बघता एकाच जनावरावरून एकच गोष्ट टिपली, याचं मला फार अप्रूप वाटतं. (संगणकातल्या 'हॅकिंग'शी मात्र या घोड्याचं नातं जोडू नये. तो 'हॅक' कुऱ्हाडीचे घाव घालणं या अर्थाच्या निराळ्या शब्दातून आला आहे.)

आता गाडीकडे येऊ. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये भाड्याच्या चारचाकी घोडागाड्या दिसू लागल्या. त्यांना म्हणायचे 'हॅकनी कोच'. अर्थ सरळ होता: भाड्याचा कोच. त्यांतल्या कित्येक गाड्या मुळात सरदार-उमरावांच्या, जुन्या झाल्यावर विकलेल्या. दारावर एखाद्या घराण्याचं मानचिन्ह तसंच राहिलेलं आणि आत बसलेला कुणी व्यापारी. सुरुवातीला या गाड्या धर्मशाळांच्या आवारात उभ्या असत. गिऱ्हाइकाने तिथे जायचं आणि गाडी ठरवायची. १६३४ साली बेली नावाच्या एका निवृत्त दर्यावर्दी कप्तानाने चार गाड्या घेतल्या, गाडीवानांना एकसारखा पोशाख दिला, कुठे जायला किती घ्यायचे ते ठरवून दिलं आणि त्या गाड्या स्ट्रँड या हमरस्त्यावर एका खांबापाशी उभ्या केल्या. येणाऱ्याने यावं, बसावं, निघावं. लंडनचा हा पहिला टॅक्सी स्टँड मानतात. बाकीचे गाडीवानही लगेच तिथे येऊन त्याच दराने भाडी घेऊ लागले.

मला वाटतं, या शब्दाचं मर्म त्या खांबापाशीच आहे. भाड्याने गाडी मिळणं हे जुनंच होतं. ती रस्त्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर, कुणाचीही वाट बघत उभी राहणं हे नवं होतं. आणि रस्ता तर सगळ्यांचा. त्यामुळे भांडण आलंच. टेम्स नदीवर होड्या चालवून पोट भरणाऱ्यांचा धंदा बुडायला लागला, त्यांनी आरडाओरडा केला. गल्ल्या गाड्यांनी तुंबल्या. राजाने फर्मान काढून या गाड्यांना आवर घालायचा प्रयत्न केला. मग राजा गेला, क्रॉमवेलची राजवट आली. तिने १६५४ साली लंडन आणि आसपास मिळून फक्त ३०० हॅकनी कोच चालतील असं ठरवलं. राजेशाही परत आल्यावर १६६२ च्या कायद्याने तो आकडा ४०० झाला, परवान्याची फी ठरली आणि गाडीवर क्रमांक आला. १६९४ ला ७०० गाड्या. म्हणजे आपण आज रिक्षा परमिटच्या संख्येवरून जे वाद ऐकतो, त्यांना साडेतीनशे वर्षांहून जास्त मागचा इतिहास आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात गाड्यांचे आकार भराभर बदलले. जड हॅकनी कोचच्या जागी फ्रान्सहून आलेली हलकी दोनचाकी 'कॅब्रिओले' आली, तिचंच आखडून 'कॅब' झालं. १८३४ साली जोसेफ हॅन्सम या वास्तुविशारदाने आपल्या गाडीचं पेटंट घेतलं. तिच्यात पुढे काही वर्षांत जॉन चॅपमन या अभियंत्याने मोठ्या सुधारणा केल्या, आणि जुन्या लंडनच्या चित्रांत हमखास दिसते ती 'हॅन्सम कॅब' तयार झाली: दोन चाकं, आत दोन माणसं, आणि गाडीवान मागे उंचावर बसलेला. हे चॅपमन आपल्या ओळखीचे असायला हवेत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या स्थापनेमागे ज्यांची धडपड होती, तेच हे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी गाडी सुटली ती त्या कंपनीची. लंडनच्या भाड्याच्या घोडागाडीला आकार देणारा माणूस आपल्या आगगाडीच्याही मुळाशी असावा, हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

तर, एवढे आकार झाल्यावर कायदा कशाकशाचं नाव घेणार? १८४७ सालच्या 'टाउन पोलिस क्लॉजेस ॲक्ट' या ब्रिटिश कायद्याने यावर तोडगा काढला. त्याच्या ३८ व्या कलमात हॅकनी कॅरिजची व्याख्या आहे. मराठीत तिचा गाभा असा: आकार आणि बांधणी कशीही असो, कोणत्याही रस्त्यावर भाडं मिळवण्यासाठी उभी राहणारी किंवा फिरणारी प्रत्येक चाकाची गाडी.

या व्याख्येत घोडा नाही. चाकं किती ते नाही. छत हवं की नको, आत किती माणसं, काहीच नाही. गाडी काय करते एवढंच पाहिलं आहे: रस्त्यावर उभी राहते आणि भाड्यासाठी उपलब्ध असते. मोटार यायला तेव्हा अजून जवळजवळ चाळीस वर्षं होती, पण ती आली तेव्हा कायद्याला एक अक्षरही बदलावं लागलं नाही. हे कलम इंग्लंडच्या बहुतेक शहरांत अजून जिवंत आहे, आणि म्हणूनच स्टेशनबाहेरच्या त्या मोटारीवर ती पाटी आहे. (टॅक्सीत कडबा ठेवायची सक्ती अजून आहे, अशी एक गोष्ट सांगतात, ती खरी नाही. रस्त्यात घोड्याला वैरण कशी घालावी याचे नियम लंडनच्या १८३१ च्या कायद्यात होते, तेही १९७६ साली काढून टाकले.)

हा फरक कुणाला समजावायचा असला की मी पेढा आणि प्रसादाचं उदाहरण देतो. पेढा हे पदार्थाचं नाव आहे, प्रसाद हा त्याला मिळालेला दर्जा. पेढा प्रसाद होऊ शकतो, तसा खोबऱ्याचा तुकडाही होतो, साखरफुटाणेही होतात. दुकानातला पेढा प्रसाद नसतो. तसं हॅन्सम, लँडो, ब्रूम, व्हिक्टोरिया ही आकारांची नावं. हॅकनी कॅरिज हा दर्जा. हॅन्सम भाड्यासाठी नाक्यावर उभी असेल तर ती हॅकनी कॅरिज. तीच एखाद्या डॉक्टरच्या मालकीची, फक्त त्याला घेऊन जाणारी असेल तर नाही. राजाच्या मिरवणुकीतल्या बग्गीला हॅकनी कॅरिज म्हणणं ही तर उघड चूक, पण बातम्यांत आणि भाषांतरांत प्रत्येक जुन्या घोडागाडीला हा शब्द लावलेला सापडतो.

दर्जा एकदा मिळाला की तो सहज सुटतही नाही. १९०१ च्या हॉकिन्स विरुद्ध एडवर्ड्स या खटल्यानंतर तिथे एक तत्त्व रुजलं: परवाना आहे तोवर हॅकनी कॅरिज ही कायमच हॅकनी कॅरिज. म्हणजे त्या शहरांत टॅक्सीमालकाला रविवारी सुट्टी असली, तरी टॅक्सी चालवण्याचा परवाना नसलेली त्याची बायको ती गाडी घेऊन भाजी आणायला जाऊ शकत नाही. तिच्याकडे मोटारीचं लायसन्स असलं तरीही.

त्याच ३८ व्या कलमात आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. 'स्टेज कोच' हॅकनी कॅरिज धरला जाणार नाही, असं ती सांगते. स्टेज कोच म्हणजे टप्प्याटप्प्याने जाणारी गाडी, जिच्यात प्रत्येक उतारू आपल्यापुरतं वेगळं भाडं देतो. हॅकनी कॅरिज तुम्ही अख्खी घेता, आत एकटे बसा नाहीतर चौघं बसा. स्टेज कोचमध्ये तुम्ही फक्त आपली जागा घेता. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकाला 'वडाप', म्हणजे माणशी पैसे घेऊन उतारू भरणारी गाडी, म्हटलं की हा फरक चटकन कळेल. रिक्षा करून गेलात तर ती हॅकनीच्या जातीची, वडापात शिरलात तर ते स्टेजच्या जातीचं.

आणि ही विभागणी आपल्या कायद्यात आजही आहे. १९८८ च्या आपल्या मोटर वाहन कायद्यात 'स्टेज कॅरिज' आणि 'कॉन्ट्रॅक्ट कॅरिज' असे दोन प्रकार आहेत. स्टेज कॅरिज म्हणजे चालक सोडून सहाहून अधिक उतारू नेणारी, प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेणारी गाडी. एसटी ही स्टेज कॅरिज. एसटीच्या भाड्याचा हिशोब अजून ६ किलोमीटरच्या टप्प्यांवर चालतो. तो 'टप्पा' म्हणजेच हा 'स्टेज'. कॉन्ट्रॅक्ट कॅरिज म्हणजे अख्खी ठरवलेली गाडी, जिने वाटेत दुसरे उतारू चढवायचे-उतरवायचे नाहीत. टॅक्सी आणि रिक्षा याच प्रकारात येतात, आणि लग्नाच्या वऱ्हाडाची बसही. खासगी बस वाटेत थांबून माणसं भरतात म्हणून आरटीओ कारवाई करतं, त्यातला मुद्दा हाच असतो: परवाना कॉन्ट्रॅक्टचा आणि चालवली स्टेजसारखी.

हॅकनी कॅरिजच्या दर्जासोबत हक्क येतो तसं कर्तव्यही येतं, आणि मला ही बाजू सगळ्यात महत्त्वाची वाटते. रस्त्यावर उभं राहून भाडं घ्यायचा हक्क फक्त तिला. त्याबदल्यात भाड्याचा दर मालक ठरवत नाही, सरकारी यंत्रणा ठरवते. आणि ठरलेल्या हद्दीत कुठेही जायला सबळ कारणाशिवाय नकार देणं हा १८४७ च्या कायद्याच्या ५३ व्या कलमाखाली गुन्हा आहे. आपल्याकडेही भाडं नाकारणं गुन्हा आहे. पावसात हातात पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बाईला एकामागून एक रिक्षावाले मानेनंच नाही म्हणत जातात, तेव्हा त्यात सौजन्याचा प्रश्न आहेच, पण त्याच्या आधी सौदा मोडल्याचा प्रश्न आहे. रस्त्याची जागा घेतली, तर रस्त्यावरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

लंडनमध्ये हा सौदा फार कसोशीने सांभाळला जातो. तिथल्या काळ्या कॅबचा चालक व्हायचं, तर चॅरिंग क्रॉसपासून सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते पाठ असावे लागतात. या परीक्षेचं नावच 'नॉलेज', आणि तिची तयारी करण्यात लोकांची तीन-चार वर्षं सहज जातात. मीटर लावणं तिथे १९०७ पासून सक्तीचं झालं. त्या मीटरचं नाव 'टॅक्सीमीटर', आणि त्यावरून 'टॅक्सी' हा शब्द आला. म्हणजे बोलण्यात टॅक्सी आणि कायद्याच्या कागदावर हॅकनी कॅरिज, वस्तू एकच.

मग फोन करून बोलावलेल्या गाडीचं काय? १९६१ मध्ये लंडनला छोट्या रेनो मोटारी 'मिनीकॅब' म्हणून फिरू लागल्या. त्यांचं म्हणणं, आम्ही रस्त्यावर भाडं घेत नाही, फोनवर घेतो, म्हणून आम्ही हॅकनी कॅरिज नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि अनेक वर्षं 'भाड्यासाठी उभं राहणं' म्हणजे नक्की काय, यावर खल होत राहिला. गाडी लोकांना दिसते का? ती दिसण्यातूनच 'या, बसा' असं आमंत्रण मिळतं का? शेवटी आधी ठरवून मिळणाऱ्या गाड्यांचा वेगळा वर्ग झाला, 'प्रायव्हेट हायर'. लंडनबाहेर १९७६ च्या कायद्याने, लंडनमध्ये १९९८ च्या. उबरच्या गाड्या तिथे याच वर्गात मोडतात. २०१९ मध्ये रेडिंग शहरातल्या एका खटल्यात प्रश्न आला, की ॲप चालू ठेवून रस्त्याकडेला थांबलेली उबर ही भाड्यासाठी उभी आहे की नाही? उच्च न्यायालयाने नाही म्हटलं. कारण रस्त्यावरून जाणारा माणूस थेट तिच्यात जाऊन बसू शकत नाही. कप्तान बेलीच्या खांबापासून सुरू झालेला प्रश्न मोबाइलच्या पडद्यापर्यंत आला, पण कसोटी तीच राहिली.

हिंदुस्थानात इंग्रजांनी हा शब्द आणला तेव्हा त्याचा अर्थ मात्र आवळला. १८७९ च्या 'हॅकनी कॅरिज ॲक्ट'मध्ये जनावरांनी ओढलेली, चाकांची आणि भाड्याची गाडी एवढीच व्याख्या होती. आपल्या मनात हॅकनीपुढे घोडा उभा राहतो, त्यात या व्याख्येचाही वाटा असेल. कलकत्त्यात १९१९ चा स्वतंत्र हॅकनी कॅरिज कायदा झाला, आणि तिथल्या माणसांनी ओढायच्या रिक्षांना परवाने त्याच कायद्याखाली मिळत. २००६ मध्ये त्या रिक्षा बंद करण्यासाठी दुरुस्ती आणली गेली तीही याच कायद्यात. मुंबईने दुसरा शब्द निवडला. १८६३ चा आणि नंतर १९२० चा मुंबईचा कायदा 'पब्लिक कन्व्हेयन्सेस' या नावाचा आहे, म्हणजे सार्वजनिक वाहनं. गेटवेसमोरच्या व्हिक्टोरिया याच १९२० च्या कायद्याच्या कक्षेत येत. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितलं. मुंबईत आणखी एक भाड्याची गाडी होती, 'शिग्राम'. ते नाव 'शीघ्र'वरून आलं आणि साहेबांच्या इंग्रजीत जाऊन बसलं. पालखीसारख्या बंद बांधणीच्या त्या गाडीला आपल्या माणसांनी वेगाचं नाव दिलं होतं.

आता हा शब्द वापरायचा कसा? सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातलं काही मराठीत आणत असाल, तर 'भाड्याची बग्गी' किंवा 'भाड्याची घोडागाडी' चांगलं चालतं. फक्त 'भाड्याची' हा शब्द गाळू नये, कारण हॅकनीचा सगळा जीव त्यातच आहे. आजच्या ब्रिटनमधलं पत्र, परवाना किंवा बातमी असेल तर 'परवाना असलेली टॅक्सी' लिहा, घोडा आणू नका. तिथे ड्रायव्हरची नोकरी करायला निघालेल्या मुलाच्या कागदांवर 'हॅकनी कॅरिज' आणि 'प्रायव्हेट हायर' असे दोन निराळे परवाने असतात, आणि दुसऱ्या परवान्यावर रस्त्यात हात दाखवणाऱ्याला बसवलं तर गुन्हा दाखल होतो. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्येही टॅक्सीचा परवाना 'हॅकनी' नावानेच पोलिसांच्या खात्यातून मिळत आला आहे. न्यूयॉर्कमध्ये त्याला बरीच वर्षं 'हॅक लायसन्स' म्हणत.

आयर्लंडमध्ये मात्र फार जपून. तिथे 'हॅकनी' म्हणजे जी रस्त्यावर भाडं घेऊ शकत नाही, स्टँडवर उभी राहू शकत नाही आणि आधी बोलावूनच मिळते ती गाडी. इंग्लंडच्या बरोब्बर उलट. डब्लिनहून आलेला कागद भाषांतराला हातात आला, तर आधी पत्ता वाचा आणि मग शब्दाला हात घाला.